मुलगा घरी एक आणि मित्रांत दुसराच! संगतीचं नक्की करायचं काय?

तिन्हीसांज:
एरवी वाचनमात्र असते पण आज धागा काढतेय कारण डोकं चालेनासं झालंय आणि घरात ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. मुलगा सहावीत आहे. परवा पालकसभा संपल्यावर क्लासटीचरनी मला थांबवून घेतलं आणि सांगितलं की वर्गात एक मुलगा आहे जो बोलताना अडकतो, त्याची मोठ्याने वाचायची पाळी आली की मागच्या बाकांवरची तिघंचौघं बोटांनी बाकावर टकटक ताल धरतात. तो शब्दात अडकला की ताल वाढवायचा, शब्द सुटला की बंद. आणि त्या टोळक्यात आमचे चिरंजीव.

मला आधी वाटलं मॅडमचा नावात घोळ होतोय. घरी हा मुलगा धाकट्या बहिणीला हाताला धरून जिना उतरवतो, कुणाला लागलं खुपलं तर याचाच चेहरा आधी पडतो. घरी येऊन विचारलं तर थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "मी ताल नाही धरला आई, मी फक्त हसलो. सगळेच हसतात."

ताल धरणारा मुख्य मुलगा याचा सध्याचा जिवलग मित्र, त्याला आपण क्ष म्हणू. नवरा म्हणतोय सरळ तुकडी बदलून घेऊ. सासूबाई म्हणतात ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागलाच ना. मला कळत नाहीये की एवढ्या वर्षांचे घरचे संस्कार एका मित्रापुढे असे कसे गळून पडतात? आणि क्षशी मैत्री तोडायला सांगू का? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

भटकभवानी:
ताई, तुकडी बदला, विचार करत बसू नका. या वयात मुलं टीपकागद असतात, जे शेजारी सांडेल ते शोषून घेतात. मी भाच्याची बदलून घ्यायला लावली होती, पोरगं महिन्याभरात ताळ्यावर आलं.

जुनाजाणता:
आमच्या वेळी असली पालकसभा वगैरे भानगड नव्हती. मास्तरांनी दोन दिल्या, घरी कळलं तर आणखी दोन. विषय संपला. हल्ली मुलांना विचारत बसतात "तुला कसं वाटलं". त्याला काय वाटायचंय, ज्याची थट्टा झाली त्याला विचारा.

(शेवटचं वाक्य मात्र गंमत म्हणून लिहिलेलं नाही.)

खडूफळा:
मी पाचवी ते आठवीला शिकवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा मोठा प्रतिसाद होईल, सांभाळून घ्या.

जुनाजाणता काकांचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे, आधीच्या वाक्यांबद्दल नंतर भांडू. तिन्हीसांज, तुमच्या मुलाचं "मी फक्त हसलो" हे वाक्य धरून ठेवा कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. १९९६ मध्ये फिनलंडमध्ये क्रिस्टिना सालमिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी सहावीच्याच मुलांवर अभ्यास केला होता, वर्गात एखाद्याला छळलं जातं तेव्हा बाकीची मुलं काय करत असतात यावर. त्यांना दिसलं की त्रास देणारा आणि सोसणारा एवढे दोघंच नसतात. एक असतो करणारा, काही त्याचे मदतनीस, काही जण स्वतः काहीच करत नाहीत पण हसून आणि बघून त्याला चढवतात, काही तिथून काढता पाय घेतात, आणि थोडे त्या मुलाच्या बाजूने उभे राहतात. तुमचा मुलगा तिसऱ्या गटातला. त्याला स्वतःला वाटतं की आपण यात नाहीच. आणि खरंच प्रामाणिकपणे वाटतं, तो खोटं बोलत नाहीये.

आता माझ्या वर्गातलं सांगते. नवीन असताना मी फळ्याकडून वळले की आवाज कुणी काढला ते शोधायचे. हळूहळू लक्षात आलं की ज्याने आगाऊपणा केला तो ते झाल्याझाल्या, अर्ध्या सेकंदात, एका ठराविक मुलाकडे बघतो. दरवेळी त्याच मुलाकडे! तो हसला की काम झालं. तो जर पुस्तकात बघत राहिला ना, तर करणाऱ्याचा चेहरा असा काही उतरतो की बघत राहावं. आता मी आवाज कुणाचा ते शोधतच नाही, तो कुणाकडे बघतो तेवढं बघते. तुमच्या मॅडमना विचारा, क्ष ताल धरल्यावर कुणाकडे बघतो? मला दाट शंका आहे उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

शंकासुर:
खडूफळा, +१. आणि शंका घेणं हे माझं आयडीसिद्ध काम असल्यामुळे एक शंका.

सगळ्या धाग्यात गृहीत धरलंय की क्षने यांच्या मुलाला बिघडवलं. मुलगा गुणी, मित्र वाईट. क्षच्या आईनेही कुठेतरी असाच धागा काढला असेल आणि त्यात क्ष घरी बहिणीची वेणी घालून देत असेल. तिच्या धाग्यातला क्ष कोण?

डेनीस कँडेल यांचा १९७८ चा अभ्यास आहे, शाळकरी मित्रांच्या जोड्यांचा. मित्र एकमेकांसारखे असतात हे सगळ्यांनाच दिसतं, पण का? शेजारी बसून सारखे झाले की मुळात सारखे होते म्हणून शेजारी बसले? वर्षभर मागोवा घेतल्यावर दिसलं की दोन्ही गोष्टी होतात आणि साधारण सारख्याच ताकदीने होतात. म्हणजे पवळ्याला ढवळ्याशेजारी कुणी बांधलेलं नाही, तो स्वतः चालत जाऊन त्या खुंट्याला उभा राहिलाय. क्षमध्ये तुमच्या मुलाला काहीतरी आवडतं. काय आवडतं ते शोधल्याशिवाय तुकडी बदललीत तर नव्या तुकडीतला क्ष त्याला आठवड्यात सापडेल.

तिन्हीसांज:
शंकासुर, लागलं जरा, पण ठीक आहे. काल रात्री विचारलं त्याला, क्षमध्ये काय आवडतं तुला. बराच वेळ "माहीत नाही" चाललं, मग म्हणाला, "तो बोलला की सगळे ऐकतात. आणि मी जोक केला तर तो मोठ्याने सगळ्यांना परत सांगतो, अरे हा काय म्हणाला ऐका." यावर काय बोलावं कळलं नाही मला.

खडूफळा मॅडम, क्लासटीचरना फोन केला होता. त्या म्हणाल्या लक्ष ठेवते.

मेंदूचा_भुगा:
मानसशास्त्र शिकतेय, परीक्षा जवळ आल्यामुळे इथे येऊन अभ्यास केल्याचं समाधान मिळवते. 😀

ताई, तुमचा मूळ प्रश्न होता की घरचे संस्कार मित्रापुढे कसे गळून पडतात. मला वाटतं गळून पडत नाहीत, ते वेगळ्या जागचे असतात. पियाजे हा मानसशास्त्रज्ञ १९३२ च्या सुमारास मुलांबरोबर चक्क गोट्या खेळत बसायचा आणि त्यांना विचारायचा की हे नियम कुणी केले, बदलता येतील का. लहान मुलं म्हणायची नियम मोठ्यांनी केलेत, बदलायचे नाहीत (आणि खेळताना खुशाल मोडायची). दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणायची सगळ्यांना पटलं तर बदलू की. त्याचं म्हणणं असं की ही दुसरी समज आईबापांकडून येत नाही, कारण आईबाप वरचे असतात, त्यांच्याशी वाद घालून जिंकता येत नाही. ती बरोबरीच्यांशी भांडून येते. तू चीटिंग केलंस, नाही केलं, मग मी खेळत नाही जा, बरं ये परत, आता तुझा डाव. या सगळ्यातून मुलाला कळतं की समोरच्यालाही माझ्याइतकंच वाटतं आणि तो उठून गेला तर माझाच खेळ मोडतो. पियाजेच्या पायऱ्यांवर पुढे भरपूर टीका झाली, मुलांना आधीपासूनच बरंच कळतं असं आता मानतात, पण बरोबरीच्यांकडून शिकण्याचा मुद्दा टिकलाय.

म्हणजे बहिणीशी तुमचा मुलगा चांगला वागतो ते मोठा म्हणून. बरोबरीच्यांत, जिथे आपली जागा रोज नव्याने मिळवायची असते, तिथे चांगलं वागणं हे वेगळंच काम आहे आणि ते तो आत्ता शिकतोय. वाईट तऱ्हेने शिकतोय हे मान्य.

दुसरं, वय. स्टाइनबर्ग आणि मोनाहन यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांत बघितलं की मित्रांच्या दबावाला किती तोंड देता येतं. १४ ते १८ मध्ये ही ताकद वाढत जाते. १० ते १४ मध्ये फारशी वाढताना दिसत नाही. सहावी म्हणजे बरोब्बर तो टप्पा. "तू ठाम राहा ना" असं नुसतं सांगून फार उपयोग होत नाही तो यामुळेच.

आणि मित्र बोलायलाही लागत नाहीत हो. गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर एक प्रयोग आहे, २००५ चा, गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा. १३ ते १६ ची मुलं एकटी असताना ठीक खेळायची, दोस्त बाजूला असले की धोके घ्यायची. चोवीसच्या पुढच्या लोकांत मित्र असल्या-नसल्याचा फारसा फरकच नाही. नंतर २०११ मध्ये मेंदूचा स्कॅन करताना असाच गेम दिला आणि मित्र शेजारच्या खोलीतून बघतायत एवढंच सांगितलं, तर किशोरवयीन मुलांच्या मेंदूत बक्षीस मिळाल्यावर जो भाग जागा होतो तो जास्त जागा झाला. कुणी "कर ना" म्हटलं नव्हतं. नुसतं बघत होते.

भटकभवानी:
बापरे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण मग जुनाजाणता म्हणतात तसे दोन रट्टे दिले तर ते बक्षीस कमी नाही का होणार? शंका आपली.

खडूफळा:
भटकभवानी, उलट वाढतं. वर्गात सगळ्यांसमोर शिक्षा झालेला मुलगा जागेवर परत जाताना त्याच्या मित्रांचे चेहरे बघा एकदा. हिरो! मार खाऊन पुढच्या वेळी बाई वळल्या आहेत याची खात्री करून घेतो एवढाच फरक पडतो.

गप्पिष्ट:
धागा "बिघडवणाऱ्या" मित्रांवरच चाललाय म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझी मुलगी अबोल. पाचवीत तिच्या गटातल्या मुलींनी एक खेळ काढला होता, रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ठरायचं आज कुणाशी बोलायचं नाही. एकीची पाळी. दिवसभर तिच्याशी कुणी बोलायचं नाही, पण तिला सांगायचंही नाही, तिने ओळखायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी. मोठ्यांना काही दिसायचंच नाही यात, ना मारामारी ना शिवी, बाईंच्या दृष्टीने तर हा गट एकदम गुणी. माझ्या मुलीला पोटात दुखतंय म्हणून शाळा नको असायची, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या.

मग वर्गात एक नवीन मुलगी आली. तिला हा खेळ कुणी समजावला नव्हता की तिने मुद्दाम मोडला माहीत नाही, पण माझ्या मुलीच्या पाळीच्या दिवशी ती येऊन बसली आणि वहीतलं काहीतरी विचारायला लागली. एवढंच. बाकीच्या मुलींनी खुणा केल्या तर म्हणाली, का पण? त्यानंतर पोटदुखी हळूहळू कमी झाली. खेळ चालू होताच बरं का, बंद नाही पडला, पण हिला त्याची पर्वा वाटेनाशी झाली कारण एक जण नक्की बोलणार होती.

म्हणून म्हणते संगत संगत करून मित्रांना घाबरू नका. एक चांगली मैत्रीण आम्ही आईबापांनी जे वर्षभर समजावलं त्याहून भारी पडली.

मेंदूचा_भुगा:
गप्पिष्ट, किती छान लिहिलंय. याला आधार आहे. हॉजेस, बॉइव्हिन, विटारो आणि बुकाव्स्की यांचा १९९९ चा अभ्यास, ज्या मुलांना छळलं जातं त्यांना एक जरी जवळचा मित्र असेल तर पुढे ते दुष्टचक्र वाढत नाही. आणि २०११ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांची लाळ तपासून ताणाचं हार्मोन मोजलं होतं, काही वाईट घडलं तेव्हा जिवलग मित्र जवळ असेल तर ते वाढत नव्हतं, एकटं असताना वाढायचं. मित्राने काही करायची गरज नाही, जवळ असणं पुरतं.

तुमच्या त्या "का पण?" वरून अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे रेषांचे प्रयोग आठवले, १९५१ चे. सगळा गट धडधडीत चुकीची रेष बरोबर म्हणतो तेव्हा बरेच लोक मान डोलावतात, पण गटात एक जरी खरं बोलणारा असेल तर मान डोलावणं एकदम खाली येतं. ती मोठी माणसं होती. पण २०११ मध्ये हाउन आणि टोमासेलो यांनी चार वर्षांच्या पोरांवर असंच काहीसं केलं, चित्रांची पुस्तकं देऊन. बाकीचे तिघं चुकीचं सांगतात हे ऐकून चौथंही चुकीचं सांगायचं, पण तेच उत्तर इतरांना न कळता द्यायचं असेल तर बरोबर द्यायचं. चार वर्षांचं पोरसुद्धा मनातलं बदलत नाही, फक्त तोंडावरचं बदलतं.

शंकासुर:
हे शेवटचं वाक्य धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर आहे बहुतेक.

अवांतर नाही पण एक सावधगिरीची गोष्ट. तिन्हीसांज विचारत होत्या मैत्री तोडायला सांगू का. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये कायझर्स आणि मंडळींनी हे तपासलंय. आईबापांनी "त्याच्याशी बोलायचं नाही" अशी बंदी घातली की मुलं तसल्याच मित्रांकडे आणखी ओढली गेली आणि उद्योगही वाढले. आणि "वात्रट" मुलांना एकत्र करून सुधारणा वर्ग घ्यायचा ही जी शाळांची आवडती आयडिया आहे, तिने काही वेळा उलटा परिणाम होतो हे डिशन, मकॉर्ड आणि पुलाँ यांनी १९९९ मध्ये दाखवलंय. का, तर सगळे एकमेकांचे प्रेक्षक होतात. डिशननेच त्याआधी १३-१४ वर्षांच्या मित्रांच्या गप्पांचं व्हिडिओ शूटिंग करून मोजलं होतं की नियम मोडल्याचे किस्से निघाले की समोरचा हसतो का. जिथे हशा पिकायचा तिथली मुलं पुढच्या दोन वर्षांत जास्त बहकली.

परत हसणंच.

जुनाजाणता:
सगळं मान्य. अभ्यास, प्रयोग, लाळ. पण मग त्या अडखळणाऱ्या मुलाचं काय? चार पानं झाली, सगळे हिच्या मुलाची काळजी करतायत.

तिन्हीसांज:
काका, बरोबर आहे तुमचं. मी त्याच्या आईला फोन करावा का हा विचार चालू आहे, नंबर आहे वर्गाच्या ग्रुपवर. पण काय बोलू?

मागच्या_बाकावरचा:
जुनाजाणता यांनी विचारलं म्हणून लिहितो, नाहीतर वाचून निघून जाणार होतो. मी अडकतो बोलताना. अजूनही, कमी. शाळेत खूप.

लोकांना वाटतं नक्कल करणाऱ्याचा राग येतो. त्याचा नाही यायचा, तो तसाच होता, सगळ्यांचीच करायचा. जो माझ्याबरोबर रोज घरापर्यंत चालत यायचा, वाटेत ज्याच्याशी मी जवळजवळ न अडकता बोलायचो, तो वर्गात हसायचा त्याचा यायचा. संध्याकाळी परत माझ्याबरोबर चालायचा, काही झालंच नाही अशा थाटात. त्यामुळे तिन्हीसांज ताई, "फक्त हसलो" हे त्या मुलाच्या बाजूने फक्त नसतं.

दुसरी गोष्ट उपयोगाची. अडखळणारा माणूस दुसऱ्याबरोबर एकाच वेळी वाचायला लागला, म्हणजे कोरससारखं, तर अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. हे बहुतेकांच्या बाबतीत होतं, स्पीच थेरपीवाल्यांना नेहमीचं माहीत आहे. आमच्या एका बाईंना ते कुठून समजलं माहीत नाही, पण त्यांनी सगळ्या वर्गाला जोडीजोडीने वाचायला लावायला सुरुवात केली. सगळ्यांना, हे महत्त्वाचं, मला एकट्याला नाही. माझ्या जोडीला दिलेल्या मुलाला माझ्या वेगाने वाचावं लागायचं नाहीतर दोघांचंही बिघडायचं. तो वैतागायचा आधी. मग आमचं जमलं. ताल वगैरे धरायला कुणाला जागाच राहिली नाही कारण अडकणं ऐकूच येत नव्हतं. त्याने माझा आजार बरा झाला असं नाही हां, एकट्याने उत्तर द्यायची वेळ आली की व्हायचंच. पण वर्गाने मला सलग वाचताना ऐकलं होतं.

त्याच्या आईला फोन नका करू अशी माझी विनंती. माझ्या आईला असे फोन आलेले मला आवडायचे नाहीत, घरी पण तोच विषय व्हायचा.

भटकभवानी:
मागच्या_बाकावरचा, लिहिलंत म्हणून आभार. तुकडी बदलायचा सल्ला मागे घेत नाही पण आता त्यावर पैज पण लावणार नाही.

खडूफळा:
जोडीवाचन मी सोमवारपासून चालू करते माझ्या वर्गात. असा मुलगा असो नसो. तिन्हीसांज, तुमच्या मॅडमपर्यंत पण पोचवा, "आमच्या मुलामुळे" असं न म्हणता.

आता जुनाजाणता काकांच्या प्रश्नावरच पुढे. पेप्लर, क्रेग आणि हॉकिन्स यांनी कॅनडात शाळेच्या मैदानावर लांबून चित्रीकरण करून बघितलं, २००१ ला प्रसिद्ध झालं. छळ चालू असताना दुसऱ्या मुलाने मध्ये पडायचं ठरवलं तर १०० पैकी ५७ वेळा तो १० सेकंदांत थांबला. मोठं कुणी यावं लागलं नाही. अडचण ही की मुलं मध्ये पडतातच कमी. आणि न पडण्याची त्यांची कारणं वेडगळ नसतात, मध्ये पडलेल्याचा पुढचा नंबर लागतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून मुलाला घरी "तू त्याला थांबव" असं सांगू नका, सहावीतल्या पोराला ते फार जड आहे. मी मुलांना तीनच गोष्टी सांगते, तेही एकेकट्याला गाठून, कधी वर्गासमोर नाही. एक, हसू नकोस, त्याच्याकडे बघूच नकोस, पुस्तकात बघ. याला धाडस लागत नाही. दुसरी, मधल्या सुट्टीत त्या मुलाला साधं काहीतरी विचार, अभ्यासाचं विचार, सॉरी-बिरी नको, सॉरी ऐकायला सगळे गोळा होतात आणि परत तोच तमाशा. तिसरी जमली तर, एकट्याने नाही, अजून एका मित्राला घेऊन. दोघं न हसणारे असले की क्षने ज्याच्याकडे बघावं असं कुणी उरत नाही.

शंकासुर:
तिसरीला मोठ्या प्रमाणावर पुरावा आहे. पॅलक, शेफर्ड, अरोनोव, २०१६, न्यू जर्सीतल्या ५६ शाळा. प्रत्येक शाळेत आधी विचारलं की तुम्ही कुणाबरोबर वेळ घालवता, त्यातून ज्यांच्याकडे सगळे बघतात अशी मुलं हुडकली, आणि निम्म्या शाळांत थोड्या मुलांना भांडणं-छळ कमी करायचं काम दिलं, काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. शिस्तीच्या तक्रारी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. जिथे निवडलेल्यांत अशी "सगळे बघतात ती" मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त. गुणी मुलं नव्हे, लक्ष वेधणारी मुलं. म्हणजे शाळेने मॉनिटर करायचा तर क्षला करावा असा माझा निष्कर्ष, यावर मला शिव्या पडणार आहेत ते माहीत आहे.

जुनाजाणता:
शिव्या नाही, पण चोराच्या हातात किल्ल्या झाल्या की!

खडूफळा:
काका, मी दिल्यात. दोनदा काम झालं, एकदा किल्ल्याच गेल्या. 😄 ते त्या मुलाला वर्गात अजून कशाने भाव मिळतो यावर असतं. ज्याला फक्त थट्टेनेच भाव मिळतो त्याला मॉनिटर करून उपयोग नाही. आधी त्याला दुसरं काहीतरी येतं का ते शोधावं लागतं. क्ष जर दुसऱ्याचे जोक सगळ्यांना ऐकवतो तर मला तो मुलगा वाया गेलेला वाटत नाही, त्याला समारंभाचं सूत्रसंचालन द्या आणि बघा.

तिन्हीसांज:
सगळ्यांचे आभार. फोन करत नाही. तुकडी पण बदलत नाही, नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, तो शंकासुरांवर चिडलाय आणि जुनाजाणता काका आवडलेत त्याला.

शेवटचं विचारते. शाळेत काय घडतं ते मला कळणार कसं? मॅडमनी सांगितलं नसतं तर पत्ताच लागला नसता. आता रोज विचारायला सुरुवात केली तर तो "काही नाही" एवढंच म्हणतो. दप्तर, फोन बघत बसू का?

मेंदूचा_भुगा:
ताई, नका. स्टाटिन आणि केर यांचं २००० सालचं काम आहे स्वीडनमधलं. ज्या आईबापांना मुलांचं बाहेरचं बरंच माहीत असतं त्यांची मुलं कमी बहकतात हे आधीपासून माहीत होतं, आणि सगळे समजायचे की ते पाळत ठेवतात, खोदून विचारतात म्हणून. यांनी बघितलं तर ते माहीत असण्याचं मुख्य कारण होतं मुलांनी आपणहून सांगितलेलं. पाळतीचा वाटा कमीच.

गप्पिष्ट:
आणि आपणहून कधी सांगतात तर आपण दुसरं काहीतरी करत असताना. समोर बसवून विचारलं की संपलं. माझी कपड्यांच्या घड्या घालताना बोलते, दोघींची नजर घड्यांवर असते म्हणून असेल. मी मध्ये फक्त "मग?" म्हणते. कधी एखादी गोष्ट ऐकून हात थांबतो माझा, तो थांबू द्यायचा नाही, थांबला की ती गप्प होते.

मागच्या_बाकावरचा:
क्षला घरी बोलवा कधीतरी. तुमच्यासमोर कसा बोलतो, तुमचा मुलगा त्याच्याकडे किती वेळा बघतो, तुमचं तुम्हालाच दिसेल. फक्त दुसऱ्या कुणाला बोलवू नका त्या दिवशी, दोघंच असू देत.